होडीचें यंत्र आणि नवशिक्याचा हात

नॉर्वेंतून बालपणींच अमेरिकेस गेलेल्या ओले एव्हिनरूड याचें शालेय शिक्षण बेताचें होतें. यंत्रविद्या त्यानें कारखान्यांत काम करतां करतां आत्मसात केली. होडीच्या मागील कडेस अडकविण्याचें पेट्रोलचें यंत्र त्यानें मिलवॉकी शहरांत १९०९ सालीं विक्रीस आणलें. पत्रव्यवहार व हिशेब पत्नी बेस हिनें सांभाळला. ही कल्पना त्याच्यापूर्वीं इतरांसही सुचली होती; पण तिचा मोठा व्यवसाय झाला तो या दांपत्याच्या हातून.

असें यंत्र जुनें झालें, तरी त्यांतील बिघाड नवशिक्यासही शोधतां येतो. क्रम मात्र सोडूं नये. प्रथम प्लगवर ठिणगी पडते कीं नाहीं तें पाहावें, नंतर पेट्रोल पोंचतें कीं नाहीं तें. मग यंत्राचा खालचा भाग पाण्याच्या पिंपांत बुडवून तें चालवावें, आणि थंड करणारें पाणी वाहतें कीं नाहीं याची खात्री करावी. पुष्कळदां दोष लहानच असतो. महिनोन् महिने सांचलेलें पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितें. पाणी खेचणारें रबरी चक्र ताठरतें. दोरीला कितीहि हिसके दिले, तरी हे दोष जात नाहींत.

नागपूरकरांस हा विषय दूरचा वाटूं नये. सप्टेंबर २०२३ मध्यें एका रात्रींत अतिवृष्टि होऊन अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलें, आणि माणसें होड्यांतून बाहेर काढावीं लागलीं. पुरासाठीं राखलेली होडी एरवीं स्वस्थ पडून असते. म्हणून तिच्या यंत्राची परीक्षा दर उन्हाळ्यांत, पाणी चढण्यापूर्वींच, व्हावयास हवी.