कार्ब्युरेटरमधील हिम आणि लहान विमानांची शक्तिहानी

लहान विमानांचे एंजिन उड्डाणात एकाएकी मंदावण्याच्या कारणांमध्ये कार्ब्युरेटरमध्ये साचणाऱ्या हिमाचे स्थान काहीसे वेगळे आहे. या हिमामागील भौतिक तत्त्व विमानाच्या जन्मापूर्वी सुमारे दीडशे वर्षे विद्वानांस ठाऊक होते. तथापि वैमानिकांना त्याची ओळख पुष्कळ उशिरा पटली, आणि ती पटल्यानंतरही अपघात थांबले नाहीत. तत्त्वाचे ज्ञान आणि प्रत्यक्ष प्रसंगी होणारी त्याची ओळख यांत हे अंतर का पडावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते, तेच कारण येथेही आहे. द्रवाचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. स्कॉटिश वैद्य विल्यम कलन याने कमी दाबाखाली ईथरचे बाष्पीभवन घडवून पाणी गोठविले व आपला निबंध १७५६ मध्ये प्रसिद्ध केला. कार्ब्युरेटरमध्ये याच दोन गोष्टी एकत्र येतात. त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो आणि तेथेच पेट्रोलच्या तुषारांचे बाष्प होते. परिणामी तापमान ३० अंश सेल्सियस किंवा त्याहूनही अधिक घसरू शकते. म्हणून बाहेर २० अंशांची सुखद, परंतु दमट हवा असतानाही आतील झडपेवर हिम धरते आणि एंजिनाचा श्वास कोंडतो.

राइट बंधूंच्या १९०३ च्या एंजिनात तुषार उडविणारा कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल एंजिनालगतच्या उथळ कप्प्यात उतरे व एंजिनाच्याच उष्णतेने त्याचे बाष्प होई. पुढे कार्ब्युरेटर हा स्वतंत्र भाग झाला. थंड हवा अधिक घन असल्याने तिच्यापासून शक्तीही अधिक मिळते. त्यामुळे एंजिनास थंड हवा देणे हितावह ठरले. हिमाचा धोका हा काही अंशी या सुधारणेचाच परिणाम होय.

या संदर्भात चार्ल्स लिंडबर्गचे उदाहरण उद्बोधक आहे. १० मे १९२७ रोजी सॅन डिएगोहून सेंट लुईसकडे निघाला असता, रात्री डोंगराळ प्रदेशावर त्याचे एकमेव एंजिन अडखळू लागले. पुढे ते सावरले. पण कार्ब्युरेटरमधील हिमाचा संशय त्याच्या मनात राहिला. न्यूयॉर्क येथे त्याने कार्ब्युरेटरकडे जाणारी हवा तापविण्याची योजना विमानात बसवून घेतली, आणि २० मे रोजी तो पॅरिसकडे निघाला. अटलांटिकवर हेच संकट आले असते, तर त्याचे कारण कोणास कधी कळले असते काय, हा प्रश्न अस्थानी नाही.

कारण हे हिम आपला पुरावा स्वतःच नाहीसा करते. अपघातानंतर तपासनीस पोहोचेपर्यंत ते वितळलेले असते आणि एंजिन निर्दोष आढळते. मग त्या वेळचे तापमान व हवेतील आर्द्रता यांवरून अनुमान करावे लागते. जिवंत वैमानिकासही ही खूण सहज पटत नाही. अचल पात्यांच्या पंख्याचे फेरे हळूहळू कमी होतात. तो नकळत झडप थोडी अधिक उघडतो आणि लक्षण झाकले जाते. उष्ण हवा सोडताच शक्ती आणखी घटते, व वितळलेले पाणी आत गेल्याने एंजिन खडखडते. उपाय अपायकारक वाटून तो मागे घेण्याचा मोह याच क्षणी होतो. ही उष्णता एंजिनाच्या धुराड्यापासूनच मिळत असल्याने, एंजिन बंद पडल्यावर उपायही हातचा जातो.

पेट्रोल थेट आत फवारणाऱ्या एंजिनांत बाष्पीभवनजन्य हिमाचा हा प्रश्न उरलेला नाही. परंतु कार्ब्युरेटर असलेली असंख्य लहान विमाने आजही उडत आहेत. या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, येथे उणीव तत्त्वज्ञानाची नव्हती, लक्षण वाचण्याची होती. ज्या संकटाचा पुरावा मागे राहत नाही, त्याचे निदान ते घडत असतानाच करावे लागते.