दोन खिडक्यांचें एकमत

अंतरमापक असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांत डोळा एका खिडकींतून पाहतो आणि चित्र मात्र दुसऱ्याच वाटेनें, भिंगांतून, फिल्मवर उतरतें. डोळ्याला जें रेखीव दिसलें तें भिंगानेंहि तितकेंच रेखीव उतरविलें पाहिजे, ही साधी वाटणारी अट पुरी होण्यास सात वर्षें लागलीं.

इ. स. १९२५ मध्यें जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यानें ऑस्कार बार्नाक याचा 'लायका' कॅमेरा लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत मांडला. त्यांत अंतरमापक नव्हता. अंतर अदमासानें ठरवावें लागे. भिंगाचें तोंड एफ/३.५ इतकें बेताचें असल्यामुळें थोडी चूक खपून जाई. १९३० मध्यें भिंगें बदलतां येऊं लागलीं. परंतु प्रत्येक भिंग एका ठराविक कॅमेऱ्याशींच जुळविलेलें असे. पुढील वर्षीं भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम झालें, आणि १९३२ मध्यें लायकांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला. त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या झाइस इकॉननें 'कॉन्टॅक्स' काढला. त्याच्यासाठीं लुडविग बेर्टेले यानें रचलेलें झोनार भिंग एफ/१.५ चें होतें. हा अंक जितका लहान, तितकें भिंगाचें तोंड मोठें.

अंधुक उजेडांत चित्र घेण्याचें सामर्थ्य आलें, पण चुकीला क्षमा उरली नाहीं. ५० मिलिमीटरचें असें भिंग पूर्ण उघडून एक मीटरवरील चेहरा टिपला, तर स्पष्टतेची पट्टी सुमारें साडेतीन सेंटिमीटरच उरते. भिंगाची बैठक मिलिमीटरच्या विसाव्या भागानें चुकली, तरी डोळे अंधुक उतरूं शकतात.

मग दोष कोणाचा? जाणता कारागीर आधीं भिंग अनंतावर ठेवून दूरच्या मनोऱ्याकडे पाहतो आणि अंतरमापकांतील दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात कीं नाहीं हें तपासतो. नंतर फिल्मच्या जागीं दुधी कांच लावून, भिंग पूर्ण उघडें ठेवून, जवळच्या वस्तूचें प्रत्यक्ष चित्र पारखतो. सर्वच भिंगें एकाच बाजूला चुकत असतील, तर बहुधा अंतरमापकाचा स्क्रू फिरवावयाचा. एकच चुकत असेल, तर त्या भिंगाच्या बैठकीखालील पातळ चकती बदलावयाची. हा विवेक न करितां स्क्रू फिरविला, तर एक भिंग सुधारतें आणि बाकीचीं बिघडतात.

१९६६ मध्यें लाइट्झनें एफ/१.२ चें नॉक्टिलक्स भिंग काढलें, तेव्हां ती पट्टी आणखी आखूड झाली. तपासणीची रीत मात्र तीच राहिली: आधीं दोष कोठें आहे तें पाहावयाचें, आणि मगच स्क्रूला हात लावावयाचा.