स्वस्त ताटाचा हिशेब : गिरणगावातल्या खानावळी

स्मरणिका समितीनं ‘आपल्या परिसराचा इतिहास’ या विषयावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. परळ-लालबागचा इतिहास म्हटलं की गिरण्या, मालक, संप आणि आता उभे राहिलेले टॉवर, एवढ्यावर गाडी येते. ते पुष्कळ लिहून झालं आहे. मी जेवणावर लिहिणार आहे.

त्याला कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप गट. दर चार दिवसांनी तिथं एक मजकूर येतो. पूर्वीची माणसं साधं खायची, काटकसरीनं राहायची, मैलोन् मैल चालायची, म्हणून ठणठणीत असायची. खाली हात जोडलेले. आता आपल्या भागातली पूर्वीची माणसं म्हणजे कोण? गिरणी कामगारच. ते साधं खायचे हे खरं, चालायचे हेही खरं. पण ते तसं का राहत होते आणि त्या स्वस्ताईचा खर्च कोणाच्या नावावर पडत होता, हे त्या मजकुरात कधी नसतं. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे असेल, पण ताट पुढं आलं की मला त्याच्या दोन्ही बाजू दिसतात, जमा आणि खर्च.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. तिचं उत्पादन १८५६ मध्ये सुरू झालं. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुरांडी उभी राहिली. कामाला माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतून. बहुतेक गडी एकटे यायचे. बायकामुलं आणि म्हातारे आईबाप गावी, थोडी जमीन गावी, आणि मुंबईहून दर महिन्याला मनीऑर्डर. इथं बिऱ्हाड करायचं तर भाडं परवडत नव्हतं आणि गावची शेतीही सोडता येत नव्हती. मग एकाच गावचे वीस-पंचवीस गडी मिळून चाळीत एक खोली घेत. ट्रंक भिंतीला, कपडे खुंटीला, वळकटी ट्रंकेवर. पुढं गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. अशा खोलीत चूल कुठं पेटवणार, आणि पेटवली तरी दहा-दहा तास यंत्रापुढं उभं राहून आल्यावर भाकऱ्या थापणार कोण?

चालण्याचं कारणही असंच रोकडं होतं. गिरणीचा भोंगा झाला की दरवाजा बंद. उशीर झाला की खाडा. म्हणून राहायचं तर भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. बहुतेक कामगार गिरणीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर राहत. लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, नायगाव, शिवडी, वरळी ही सगळी वस्ती अशी पायांच्या मापानं बसलेली आहे. १९२० च्या दशकात सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या त्याही याच टापूत. परळहून ट्राम जायची, १९६४ पर्यंत होती, पण रोज ट्रामनं जाणारा कामगार म्हणजे मुकादम किंवा नुकता पगार झालेला. बाकीचे चालत. कामगार मैदानावरच्या सभेलाही चालत आणि संपाच्या मोर्चालाही चालत. आपण हल्ली पोडियमवर बारा चकरा मारतो आणि घड्याळात पावलं मोजतो, त्याला माझी ना नाही, मीही मारतो. पण त्या चालण्याला व्यायाम म्हणणं बरोबर नाही. चालून गिरणीत गेलेला माणूस आत कापसाची पिंज नाकातोंडात घेत उभा असायचा. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय याच वस्तीला लागून आहे, आणि ठणठणीतपणाच्या गोष्टी करताना ते विसरू नये.

खाण्याबद्दल तर कागदावरचा पुरावा आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. कामगार कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या खाण्यावर जात होता आणि पाहणीतली जवळजवळ सगळी कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्यातला एक निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीतल्या वरच्या मर्यादेइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जेवढं द्यायचं ठरलं होतं त्यापेक्षा कमी होतं. सरकारी अहवाल आहे हा, कुठल्या युनियनचं पत्रक नव्हे.

आता खानावळीकडे येतो.

खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतली एक बाई, तिची दहा बाय बाराची खोली, बाहेर व्हरांडा. कोणाचा नवरा गिरणीत, कोणाचा आजारी, कोणाचा गेलेला, कोणाचा असून नसल्यासारखा. काही बायका आधी स्वतः गिरणीत होत्या. १९२० च्या दशकात कापड गिरण्यांतल्या कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. रिळं आणि बाबिणी भरण्याची खाती त्यांची. नवीन यंत्रं आली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचे फायदे देणं मालकांना जड वाटू लागलं, आणि बायकांची संख्या घटत गेली. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईजवळ भांडवल काय, तर दोन हात आणि चार पातेली. तिनं चार गडी जेवायला घेतले, चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा.

कोकणातले गडी कोकणातल्या बाईकडे, घाटावरचे घाटावरच्या बाईकडे खानावळ लावत. कोणी तिला मावशी म्हणे, कोणी वहिनी, घाटाकडचे आक्का. एकीकडे भात, कुळथाची पिठी, सुकट किंवा जवळा, बाजारात स्वस्त झाला की बांगडा. दुसरीकडे ज्वारीची भाकरी, आमटी, उसळ, खर्डा. रविवारी मटणाचा रस्सा. फोडी मोजून, रस्सा न मोजता. (आठवड्याची ही रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी. आपल्यापैकी किती जणांना रविवार साजरा करताना त्यांची आठवण होते?)

ह्या बाईच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. समजा पंधरा गडी आहेत, दोन्ही वेळचं जेवण, माणशी तीन भाकऱ्या. झाल्या रोजच्या नव्वद भाकऱ्या. पहिली पाळी सातची, म्हणजे साडेसहाच्या आत गडी जेवून किंवा डबा घेऊन बाहेर पडला पाहिजे. त्यासाठी हिनं तीन-साडेतीनला उठायचं, चाळीच्या नळाला पाणी यायच्या आत भांडी रांगेत लावायची, शेगडी पेटवायची. दुपारी दुसऱ्या पाळीचे जेवायला, पहिल्या पाळीचे परत आलेले. रात्री पुन्हा. मध्ये मिळालेल्या वेळात बाजार, दळण, मिरच्या निवडणं आणि पंधरा ताटं घासणं. मोरी तीन फुटांची. तिच्या चालण्याचा हिशेब तर कोणीच ठेवला नाही. वाण्याकडे, कोळशाच्या वखारीवर, रेशनच्या रांगेत आणि डोक्यावर पीठ घेऊन जिने चढत परत. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये आलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गड्याचं कार्ड बाईकडे ठेवण्याची पद्धत होती. धान्य त्याच्या नावावर यायचं आणि तिच्या चुलीवर शिजायचं.

पैसे मात्र महिन्याला. गिरणीचा पगार झाला की गडी खानावळीचे पैसे देई. त्यातून खाडे वजा. गणपतीला, शिमग्याला गडी गावी गेला की तितक्या दिवसांचे पैसे नाहीत. पण वाण्याची उधारी थोडीच गावी जाते? महिनाभर माल उधारीवर आणायचा म्हणजे वाणी दोन पैसे चढ्या भावानं देणार, आणि रोख लागली तर सावकार. अडचणीला मंगळसूत्र गहाण, ते सुटलं की पातेली गहाण. ताटाचा भाव वाढवावा तर गडी पलीकडच्या चाळीत जाणार. म्हणजे बाजारभाव वाढला की त्याची झळ ताटाला न लागता बाईला लागायची. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर कामगारांचं खेळतं भांडवल ही बाई पुरवत होती, आणि त्यावरचं व्याजही तीच भरत होती. गिरणीमालकाला तिचा सगळ्यात जास्त फायदा. इतक्या कमी पगारात माणूस दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहत होता तो तिच्या जोरावर.

संपात हे उघड्यावर यायचं. १९२८ चा संप सहा महिने चालला. १९७३-७४ चा बेचाळीस दिवस. संपात पगार नाही, पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. तरी पुष्कळ बायकांनी चूल बंद केली नाही. संप मिटल्यावर गड्यांना वाढ मिळाली, बायकांकडे कर्ज राहिलं.

ही गोष्ट ज्यांच्या नजरेत भरली त्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. त्यांचे यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी, त्यामुळे आम्हा बँकवाल्यांना हे आडनाव घरचं. १९७५ मध्ये चौदा खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मागणी साधी होती. आम्हाला दान नको, सावकाराच्या जागी बँक द्या. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं. १९७२ पासून दुर्बल घटकांना चार टक्के व्याजानं कर्ज देण्याची योजनाही होती. कागदावर सगळं तयार होतं. बाई तेवढी बँकेच्या दारापर्यंत पोचली नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी याच भागातल्या एका शाखेत कर्ज खात्यावर होतो. अशा बायका दुपारी दोन ते तीनच्या मध्ये यायच्या, कारण दोन स्वयंपाकांच्या मध्ये तेवढीच फट. हाताला पिठाचा वास. सही येत नसे, अंगठा. आमच्या एका साहेबांना प्रश्न पडायचा, यांच्याकडे तारण काय? तारण एकच होतं. पाच-पाच, दहा-दहा बायकांचा गट एकमेकींची हमी घेई, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. पगाराच्या तारखेनंतर दोन दिवसांत हप्ते जमा. त्याच शाखेत मोठमोठ्या कारखानदारांची खाती होती. त्यांच्या वसुलीबद्दल मी इथं लिहीत नाही, स्मरणिका सगळ्यांच्या घरी जाणार आहे.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गडी गावी गेले. गडी गेले म्हणजे खानावळी गेल्या. कोणी पोळीभाजी केंद्र काढलं, कोणी मसाले कुटून विकायला लागली, कोणाच्या मुलानं वडापावची गाडी टाकली. फिनिक्स गिरणीच्या आवारात आज काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं एका कॉफीला जे बिल होतं त्यावर मी घरी बोलतो तेव्हा नातवंडं हसतात.

स्वस्त ताट पुढं सरकारनं हातात घेतलं. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका भाकर आली. काही वर्षांत अनुदान आटलं आणि बऱ्याच केंद्रांत झुणका सोडून सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. ग्राहकाला दहा रुपये. पण शहरात थाळीचा खर्च पन्नास धरलेला होता आणि वरचे चाळीस सरकार केंद्रचालकाला देणार होतं. ह्यावर पुष्कळ टीका झाली, पैसे वेळेवर मिळत नाहीत अशा तक्रारीही झाल्या. मला त्यातली एक गोष्ट मात्र आवडली होती. दहा आणि पन्नास यांच्यातला फरक कागदावर लिहिलेला होता. गिरणगावात तो शंभर वर्षं कुठंच लिहिलेला नव्हता.

आपल्या सोसायटीत निदान सात-आठ घरं अशी आहेत की ज्यांच्या आजोबांनी किंवा वडिलांनी इथं खानावळ लावली होती, आणि दोन घरं अशी की ज्यांच्या आजीनं ती चालवली. गिरण्यांची नावं रस्त्यांना, बसथांब्यांना, मॉलला मिळाली. ह्या बायकांची नावं कुठंच नाहीत. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. बाईचं नाव, चाळ, खोली नंबर, किती गडी जेवायला असायचे आणि रविवारी काय असायचं, एवढंच लिहा. आजी हयात असेल तर तिलाच विचारून लिहा. पहिल्या पानावर चार नावं झाली आहेत.