पेटी आणि तिच्यावरचा गवई

मराठी मुलुखांतील संगीताचा इतिहास सांगतांना आपण मिरज, कोल्हापूर, बडोदें, पुणें हीं नांवें घेतों, घराणीं मोजतों, खांसाहेबांच्या गोष्टी रंगवितों. आणि गोदावरी-मांजरेच्या कांठीं येऊन पोंचलों म्हणजे आपली यादी संपते. नांदेडास किंवा लातुरास गाणें नव्हतें असें मात्र नाहीं. गाणें होतें, परंतु त्याच्या पाठीशीं बहुधा दरबार नसे आणि घरची नाटक मंडळीही नसे. तें एखाद्या माणसाच्या आश्रयानें उभें असे, आणि तो माणूस पुढ्यांत पेटी घेऊन, डाव्या हातानें भाता मारीत, उजव्या हातानें सूर दाबीत स्वतःच गात असे. श्रोतेहो, या पेटीवाल्या गवयाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. रेडिओवरून ते सांगतांना थोडा संकोच वाटतो. तो कां, हें पुढें येईलच.

पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, आणि पाद्र्यांच्या व साहेब लोकांच्या सामानाबरोबर तें वाद्य हिंदुस्थानांत उतरलें. तें खुर्चीवर बसून पायानें चालवावयाचें. मांडी घालून गाणाऱ्या गवयाला त्याचा काय उपयोग? कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिला हातभात्याचें रूप दिलें, आणि परकी पेटी सतरंजीवर येऊन बसली. रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन राहिले. घरोघर गेली ती हातपेटी. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडवरून गेला, आणि बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी १९११ सालीं लातुरापर्यंत येऊन थांबली. नाटकवाले, कीर्तनकार, व्यापारी आणि पेट्या, सर्वांचेंच येणें त्यामुळें सोपें झालें.

लहान गांवाला पेटी इतकी कां मानवली, हें समजण्यासाठीं तेथील अडचणी ध्यानांत घ्याव्या लागतात. तंबोरा मराठवाड्याच्या वैशाखांत घटकाघटकेला उतरतो; तो लावावयाला जाणता कान हवा. सारंगिया मिळणें कठीण, आणि मिळालाच तर त्याच्या वाद्याला कोठ्याचा वास आहे असें म्हणून सोंवळीं घरें नाक मुरडीत. पेटीवर असला कांहीं डाग नव्हता. तिचे पितळी सूर एकदां बसविले कीं वर्षानुवर्षें फारसे हलत नाहींत. मुख्य म्हणजे, साथीदार विकत घेण्याची ऐपत नसलेल्या गवयाला ती घरचाच साथीदार देते. त्याचा गळा, त्याचा भाता आणि त्याचीं बोटें एकाच श्वासावर चालतात. कोठें थांबावयाचें हें दुसऱ्यास डोळ्यानें खुणावावें लागत नाहीं.

अशा माणसाचा दिवस डोळ्यांपुढें आणून पाहा. सकाळीं वकिलाच्या किंवा आडत्याच्या घरीं मुलींची शिकवणी: गळा पाहून काळी चार कीं काळी पांच पट्टी धरावयाची, आणि अलंकारांपासून भूपापर्यंत न्यावयाचें. दुपारीं शाळेचें स्वागतगीत. संध्याकाळीं मंदिरांत भजन, रात्रीं कीर्तनकाराला साथ. भाद्रपदांत गणपतीचे मेळे, मार्गशीर्षांत दत्तजयंति, उन्हाळ्यांत लग्नें. मधूनच हौशी मंडळींच्या नाटकाच्या तालमी. तेथें तोच चाल सांगणार, तोच ऑर्गन वाजविणार, आणि नायकाचा घसा बसला तर आंतून पद म्हणणाराही तोच! बिदागी कधीं रोख, कधीं धान्य, कधीं नुसता नारळ. महानगरांत जें काम पांच-सहा माणसें वांटून घेत, तें येथें एकाच्या माथीं येई. त्याला 'मोठा गवई' कोणी म्हटलें नाहीं. परंतु गांवांतील दोन पिढ्यांना यमन ओळखूं यावयास लागला तो त्याच्यामुळें.

मराठवाड्यांत या कामाला आणखी एक अर्थ होता. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. सभेला परवानगी लागे, आणि ती अट घालणाऱ्या 'गश्ती निशाण ५३' चें नांव लोकांच्या तोंडीं पुढेंही बराच काळ राहिलें. अशा दिवसांत भजन, कीर्तन आणि मेळा हीं मराठी शब्द मोकळ्या आवाजानें उच्चारण्याचीं ठिकाणें होतीं. तेथें पेटी धरणारा माणूस राजकारणी नव्हता. पण त्याच्यावांचून सूर लागत नव्हता.

नांदेडांत तर पेटीचें दुसरेंही एक घर आहे. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबाच्या नगरींत शबद-कीर्तन चालतें. आणि शीख रागी मंडळी पेटी वाजवीत स्वतःच गातात. वारकऱ्यांचा अभंग आणि रागींचा शबद एकाच गांवांत एकाच जातीच्या वाद्यावर ऐकूं यावा, ही गोष्ट नांदेडकरांना इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिचें त्यांना कौतुकही वाटत नाहीं.

या पेटीनें काय साधतां येतें हें पाहावयाचें असेल, तर मराठवाड्याबाहेर जाऊन गोविंदराव टेंब्यांचें चरित्र पाहावें. १८८१ चा जन्म, कोल्हापुरांत वाढ. भास्करबुवा बखल्यांची साथ करतां करतां ते त्यांचे शिष्य झाले, अल्लादियाखांसाहेबांचें गाणें त्यांनीं कानांत साठविलें, आणि गळ्यांतलें गाणें पेटीवर उतरविण्याची कला वाढविली. १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली त्यांच्या. १९१३ च्या गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक तेच. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत हरिश्चंद्रही तेच, आणि संगीतकारही. टेंब्यांच्या मागें कोल्हापूरची संगीतनगरी व नाटकाचा पैसा होता. लातूरच्या पेटीवाल्याजवळ तें कांहीं नव्हतें. वाद्य मात्र तेंच होतें.

आतां त्या संकोचाकडे येतों. १ मार्च १९४० या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या केंद्रांवर पेटी बंद केली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालींच तिच्याविरुद्ध लेख लिहिला होता, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं जानेवारी १९४० मध्यें कलकत्ता केंद्राला पत्र लिहून आपला विरोध नोंदविला होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ पर्यंत नभोवाणीचें मंत्रिपद सांभाळणारे बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ आणि संगीताचे जाणते; पण बंदी त्यांनींही कायम ठेवली.

आक्षेप खोटे होते असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पेटीचे सूर ठोकळ. तिच्यावर मींड नाहीं. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. समान अंतरांनीं लावलेल्या पेटीचा गांधार तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारें चौदा भागांनीं चढा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांना ही खोड सलत होती. त्यांनीं व क्लेमंट्स साहेबांनीं बावीस श्रुतींची पेटी करविली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत ती मांडली गेली, तिच्यावर बराच वाद झाला, आणि ती चालली नाहीं. गवई मात्र आपापला उपाय करीतच होते: भात्याचा दाब हलका ठेवावयाचा, खटकणारा सूर गाळून गळ्याला पुढें जाऊं द्यावयाचें.

माझें म्हणणें इतकेंच कीं, रेडिओनें न्याय केला तो वाद्याचा, आणि शिक्षा झाली ती माणसाला. मुंबईच्या गायिकेला पेटीऐवजीं सारंगी मिळे. स्टुडिओंत सारंगिये पगारावर होते. पण ज्याचा गळा आणि हात तीस वर्षें एकत्र वाढले, त्याच्यापुढून पेटी काढून घेतली म्हणजे त्याचें अर्धें अंगच काढून घेतलें. निजामाचें स्वतंत्र केंद्र हैदराबादेस होतें. तें १९५० सालीं ऑल इंडिया रेडिओंत गेलें, आणि तोच नियम या मुलुखाच्या गवयांनाही येऊन भिडला. १९७१ सालीं बंदी सैल झाली, परंतु साथीपुरती, आणि तीही प्रथम मुख्यतः वरच्या श्रेणीच्या कलावंतांसाठीं. म्हणजे लहान गांवचा गवई पुन्हा दाराबाहेरच!

इतकें असूनही या मातींतून गळे निघालेच. नांदेडांत १९३५ सालीं जन्मलेले नाथराव नेरळकर हे अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. त्यांनीं तेव्हांच्या औरंगाबादेंत सरस्वती भुवन महाविद्यालयांत अनेक वर्षें विद्या दिली, आणि २०२१ सालीं ते गेले. त्यांचें नांव देशभर झालें. ज्या पेटीवाल्यांनीं गांवोगांव ऐकणारे कान तयार केले, त्यांचीं नांवें मात्र जुन्या कार्यक्रमपत्रिकांत, तींही शेवटच्या ओळींत, बारीक टाइपांत सांपडतात.

पेटीवरचा खटला अद्याप मिटलेला नाहीं. अमृतसरच्या अकाल तख्तानें २०२२ सालीं दरबार साहिबांतील कीर्तनांतून पेटी तीन वर्षांत मागें घेऊन तंतुवाद्यें पुन्हा आणावीं असें सुचविलें. इकडे लातूर-नांदेडकडच्या लग्नांत आणि जागरणांत तरुण गवई विजेचा कीबोर्ड पुढें घेऊन गातो. भाता गेला आहे, डावा हात मोकळा झाला आहे. काळी चारवरून काळी पांचवर जावयाचें तर तो एक कळ दाबतो. त्याचा गांधार, कोणी मुद्दाम बदलला नाहीं तर, अद्याप त्या चौदा भागांनीं चढाच आहे.