किल्ली कुणाकडे?

सीएनसी मशीनच्या पॅनलवर बहुतेक वेळा एक छोटी किल्ली असते. एका बाजूला फिरवली की प्रोग्रॅममध्ये बदल करता येतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की तो नुसता चालवता येतो. मोठ्या हॉरिझाँटल मिलिंग मशीनवर मी हाताने प्रोग्रॅम लिहायला शिकत होतो, तेव्हा या किल्लीबद्दल कुतूहल वाटायला लागलं. पुढे वाचन वाढलं आणि लक्षात आलं, की या यंत्राच्या जन्मापासूनचं एक भांडण त्या एवढ्याशा किल्लीत आहे. प्रश्न साधा आहे : काम कसं करायचं हे ठरवायचं कुणी? ऑफिसात बसलेल्याने, की मशीनसमोर उभ्या असलेल्याने?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी. १९४० च्या दशकात जॉन पार्सन्स यांची कंपनी तिथे हेलिकॉप्टरची पाती बनवत होती. पात्याचा वक्र अचूक यायला हवा. कंपनीतले इंजिनीअर फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर त्या वक्रावरच्या बिंदूंचे आकडे काढले. आकडे मिळाले, पण कापायचं कसं? तर एक माणूस कागदावरचे आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एक्स दिशेचं चाक फिरवणार आणि तिसरा वाय दिशेचं! पार्सन्स यांचं पुढचं पाऊल म्हणजे, हे आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत? १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेला पैसे दिले, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीकडे गेलं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये सिनसिनाटी हायड्रो-टेल हे मिलिंग मशीन कागदी पट्टीवरच्या भोकांच्या हुकमाने चालताना लोकांनी पाहिलं.

याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये वेगळा प्रयोग झाला होता. पहिला जॉब कसबी कारागिराने स्वतः करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय पट्टीवर नोंदवायच्या आणि पुढचे जॉब मशीनने त्याबरहुकूम करायचे. ही पद्धत मागे पडली, पट्टीवरच्या आकड्यांची जिंकली. का? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात उत्तर शोधलंय. विमानांचे अवघड वक्र हे एक कारण होतंच. पण नोंदवण्याच्या पद्धतीत कारागिराशिवाय पट्टी तयारच होत नव्हती. आकड्यांच्या पद्धतीत पट्टी ऑफिसात तयार होई, आणि व्यवस्थापनाला ते हवंच होतं, असं त्याचं म्हणणं. जनरल इलेक्ट्रिकच्या जनसंपर्क विभागात तेव्हा कर्ट व्हॉनेगट नोकरीला होते. तिथलं आपोआप चालणारं मिलिंग मशीन पाहून त्यांना 'प्लेअर पियानो' ही कादंबरी सुचली. तीही १९५२ सालचीच. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाच्या कारागिराच्या हालचाली पट्टीवर उतरवून घेतात, आणि मग त्याची गरज उरत नाही.

नोबल वाचताना मी बराच वेळ मान डोलावली. पण मशीनवर जे शिकलो होतो, ते त्यात पुरतं बसेना.

हॉरिझाँटल मशीनचा स्पिंडल आडवा असतो. चिप्स आपोआप खाली पडतात, जॉबवर साठत नाहीत. टेबल फिरतं, त्यामुळे एकदा क्लॅम्प केलेल्या जॉबच्या चार बाजू करता येतात. मात्र टेबल ९० अंश फिरलं की जॉबचं शून्य दुसरीकडे जातं. ते फिरण्याच्या केंद्रापासून मोजून काढावं लागतं. ड्रॉइंग, वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन मी हे शिकलो. जी०० म्हणजे धाव, जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने काप, जी९० म्हणजे शून्यापासून मोज, जी९१ म्हणजे आहेस तिथून मोज. भाषा एवढीशीच. अवघड भाग पुढे आहे.

ड्रॉइंगवर पाच मिलीमीटर माल काढायचा असतो, आणि एखाद्या कास्टिंगवर आठ निघतो. हे प्रोग्रॅमला माहीत नसतं. कटरचा आवाज बदलतो, तेव्हा हात आधी फीडच्या नॉबवर जातो आणि विचार नंतर येतो. आम्हाला शिकवणारे सेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणत, आधी कास्टिंगभोवती एक फेरी मारायला लावत आणि मगच वही उघडू देत. म्हणजे कसब संपलं नव्हतं. ते चाक फिरवणाऱ्या मनगटातून निघून आवाज ऐकणाऱ्या कानात आणि वहीत आलं होतं.

१९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि कागदी पट्टीची सद्दी संपत गेली. कळफलक मशीनवरच आला. ऑफिसात गेलेला प्रोग्रॅम आता शॉपफ्लोअरवर बदलता येणार होता. ...आणि म्हणून किल्ली! आमच्याकडे दिवसा ती सुपरवायझरच्या खिशात असे, आणि रात्रपाळीला मात्र पॅनललाच लटकत असे, कारण रात्री अडलं तर बदल करणार कोण? सुपरवायझरचंही चूक नव्हतं. न सांगता केलेला एक बदल पुढच्या पाळीच्या माणसाला आणि महागड्या स्पिंडलला भारी पडू शकतो. पण ज्या माणसावर रात्री भरवसा टाकता, त्याच्यावर दिवसा का टाकत नाही, याचं उत्तर मला कधी मिळालं नाही.

आज प्रोग्रॅम बहुधा कॅम सॉफ्टवेअर लिहितं, आणि आयटीआयमधून आलेल्या मुलाला पुष्कळदा फक्त हिरवं बटण दाबायला शिकवतात. मला काळजी वाटते ती याची. सॉफ्टवेअर वाईट नाही, ते वक्र मी सात जन्मांत हाताने लिहिले नसते. पण एक सपाट बाजू आणि चार भोकं, एवढा तरी प्रोग्रॅम प्रत्येक मुलाकडून वहीत लिहून घ्यावा. मग पडद्यावर धावणाऱ्या ओळी त्याला वाचता येतील, आणि कास्टिंग जाड निघालं तर कुठली ओळ बदलायची हे तो सुपरवायझरला सांगू शकेल. त्यानंतर किल्ली कुणाच्या खिशात असावी, यावर त्या दोघांना निदान बरोबरीने बोलता येईल.