जोडीचा झोका

गाणं शिकायला लागून दोन वर्षं झाली, तरी तंबोऱ्यातल्या जोडीच्या, म्हणजे एकाच स्वरात लावायच्या, दोन तारा एकमेकींना मिळाल्या की नाहीत, हे मला कळत नसे. मी अंदाजानं खुंटी पिळायची आणि गुरुजी काही न बोलता तंबोरा स्वतःकडे ओढून घ्यायचे. कळलं ते मिरजेत, सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात. जवारी, म्हणजे तारांची खुली गुंज, उतरली म्हणून तंबोरा तिथं नेला होता. जवारी नीट झाल्यावर दुकानातल्या चाचांनी जोड छेडली. "ताई, झोका ऐकू येतो? मोजा." मोजला, सेकंदाला दोन. त्यांनी तारेत ओवलेला मणी जरासा सरकवला, एक झाला. आणखी केसभर सरकवला, तसा झोका लांबत लांबत विरून गेला. "आता लागली."

माझी पट्टी काळी चार. तिथला षड्ज, म्हणजे सा, सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे त्या षड्जाची एक लाट जवळपास पाच फूट चार इंच, माझ्याच उंचीची! शेजारची तार २१० वर असली, तर दोघींच्या लाटांचे उंचवटे कधी एकावर एक येतात आणि आवाज फुगतो. कधी एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा येतो आणि आवाज बसतो. फरक दोनाचा, म्हणून झोकेही दोन. शाळेच्या पुस्तकात याला व्यतिकरण आणि विस्पंद म्हणतात. मला चाचांचा शब्द बरा वाटतो.

असा कान मिरजेत आला तो तलवारीच्या वाटेनं. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारी म्यानात गेल्या आणि धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी दरबारी गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, दांडी तुणीच्या लाकडाची. पुढे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. त्यांच्यासारखं गिऱ्हाईक दाराशी असल्यावर बेसूर तंबोरा खपवायची सोयच नव्हती. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

पण खरी कारागिरी घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. तार त्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. चाचा कानस एकदा फिरवणार, तार छेडणार, मान हलवणार, पुन्हा कानस. माझ्या तंबोऱ्यावर अख्खी दुपार गेली. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला आणि एका जागी तार एकदम बोलायला लागली. जवारी खुलली.

या बोलण्यामागचं शास्त्र असं. तार जिथं छेडावी तिथं ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांच्या स्वराचा, स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर वाजू नये, असा युरोपातला नियम. त्याला नाव थॉमस यंग यांचं. ध्वनीच्या लाटांवरून प्रकाशाच्या लाटांपर्यंत पोचलेले तेच हे यंग. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं, की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. घोडीमुळे ते उपस्वरही ठणठणीत वाजतात.

जवारी आधी आणि जोड नंतर का, ते मला यावरून उमगलं. तारा एक पंचमांश कंपनानं चुकल्या, तर मूळ स्वरात पाच सेकंदांत एक झोका. तो कोणाच्या लक्षात येणार? पण पाचव्या उपस्वरात तीच चूक पाचपट होते, सेकंदाला एक झोका. जवारी खुली असली की तो लपत नाही. माझ्या दोन वर्षांच्या बेसूरपणातला काही वाटा त्या बसलेल्या जवारीचा होता, असं मी तरी मानते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कधी त्या गल्लीत गेलात, तर जोड सावकाश लावून दाखवायला सांगा, आणि झोका विरेपर्यंत मध्ये बोलू नका.