बेंजो : ताल आणि स्वरलेखन

बेंजो (बँजो) : गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीत आणि वरातीत वाजणारे कळांचे तंतुवाद्य. अमेरिकेतल्या कातडे मढवलेल्या बँजोशी त्याचे फक्त नाव जुळते. मूळ वाद्य जपानी. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांची कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ घडवले. भारतात ते बुलबुल तरंग म्हणून रुजले आणि विजेवर वाजू लागल्यावर बेंजो पार्टीचे मुख्य वाद्य झाले.

डाव्या हाताने कळ दाबली की तार पडद्यावर टेकते. उजवा हात पातळ पट्टीने ती छेडतो. गाणे ऐकून कळा शोधण्याची रीत सर्वत्र आहे आणि तिने कान तयार होतो. लय पक्की होण्यासाठी मात्र लिहिलेले नोटेशन लागते. त्यासाठी विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी सोयीची आहे. तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर टिंब असते. समेला ×, खालीला ० लिहितात. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत मात्रांची चिन्हे अधिक बारकाईने येतात, पण नवशिक्याला ती जड जातात.

आठ मात्रांच्या केरव्यात ‘सा रे ग – । प ग रे सा’ ही ओळ घ्या. पेटीवर कळ दाबून भाता चालू ठेवला की ग चौथ्या मात्रेपर्यंत टिकतो. बेंजोवर छेडलेला स्वर लगेच विरतो, आणि शेजारी ढोल-ताशा असेल तर ऐकूही येत नाही. म्हणून त्या रेघेच्या जागी पुन्हा आघात द्यावा लागतो. किती आघात, हे स्वरलिपी सांगत नाही. सतारीचे बोल इथे कामी येतात. स्वरांखाली ‘दा दा दा दिर । दा रा दा दा’ अशी दुसरी ओळ लिहिली की उजव्या हाताचे काम स्पष्ट होते; ‘दिर’ म्हणजे एका मात्रेत दोन झटपट आघात. बेंजोच्या वहीत ही ओळ हवीच.

आधी टाळी-खाली धरून ओळ तोंडाने म्हणावी, मग मोकळ्या तारेवर नुसते बोल वाजवावेत, कळा शेवटी. मिरवणुकीत लय चढत जाते, तेव्हा बोटांपेक्षा सम आधी सुटते.

कळांवर सा-रे-ग च्या चिठ्ठ्या चिकटवण्याची सवय पुढे नडते. गायक काळी दोनमध्ये गाऊ लागला की सा दुसऱ्या कळेवर जातो, वहीतला सा मात्र तोच राहतो. साथीच्या तारा त्या सुरात नव्याने लावाव्या लागतात. मींडेची कमान वहीत असली तरी बांधलेल्या पडद्यांवर ती निघत नाही. तिथे जवळच्या दोन कळांचा खटका घेतात.